हजेरीच्या गावांतील रविशंकर महाराज

उधन्याहून जळगावच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात बारडोली लागते. तेथील १९२८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांपैकी रविशंकर व्यास हे एक. १ मे १९६० रोजी गुजरात राज्याचे उद्घाटन झाले ते त्यांच्याच हस्ते. लोक त्यांना महाराज म्हणत. परंतु आम्हांस आज आठवण करावयाची आहे ती त्यांच्या दुसऱ्याच कामाची.

महाराजांचा जन्म १८८४ साली खेडा जिल्ह्यात झाला. त्या भागातील बारैया व पाटणवाडिया लोकांवर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमात असा शिक्का मारला होता. चोरी केलेली असो वा नसो, पोलिसांकडे हजेरी द्यावीच लागे. तुरुंगातून सुटलेला मनुष्य पुन्हा त्याच हजेरीत आणि त्याच संशयात येऊन पडे. बोरसद तालुक्यात दरोडे वाढले, तेव्हा ज्यादा पोलिसांच्या खर्चासाठी गावकऱ्यांवरच माणशी २ रुपये ७ आणे कर बसला. वल्लभभाई पटेलांच्या सत्याग्रहामुळे तो १९२४ मध्ये रद्द झाला.

महाराज या गावांतून अनवाणी हिंडत. त्यांच्यापाशी ना शस्त्र, ना अधिकार. चोरी व दारू सोडा, असे ते या लोकांना त्यांच्या घरी बसून सांगत आणि त्यांची हजेरी उठावी म्हणून सरकारदरबारी खटपट करीत. त्यांनी चोरीला चोरीच म्हटले, पण चोराला टाकून दिले नाही. झवेरचंद मेघाणी यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या या हकिकती १९४५ साली पुस्तकरूपाने लिहिल्या. १९८४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, महाराज वारले.

तुरुंग नकोतच, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या जिवावर उठणाऱ्याला अडवावेच लागते. पण भिंत माणसाला अडवते ती तो आत असेपर्यंतच. पुढचे काम भिंतीला जमत नाही.

लाजपोरचे कारागृह उधन्यापासून फार दूर नाही. तेथून सुटून आलेल्याला आपल्यापैकी कोण खोली भाड्याने देईल? मागावर काम मिळावे म्हणून शेठजवळ कोण शब्द टाकील? तो आत असताना त्याच्या मुलांची फी कोण भरील? आणि रविवारी तो मंडळीत आला, तर त्याच्या शेजारी कोण बसेल? वाचकहो, सरकारची हजेरी १९५२ साली कायद्याने उठली. आपल्या मनातील हजेरी आपणच उठवावयाची आहे.