परीक्षेत नापास, जीवनात यशस्वी

यशस्वी माणूस कोणाला म्हणायचे? मुलाला चांगले गुण मिळाले, नोकरी लागली, स्वतःचे घर झाले की आपण म्हणतो, याने नाव काढले. हीच मोजपट्टी फादर ग्रेगॉर मेंडेल यांना लावली, तर त्यांच्या वाट्याला अपयशच अधिक आले असे म्हणावे लागेल.

मेंडेल यांचा जन्म 1822 साली त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. आज हे खेडे चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे नाव योहान. मुलगा हुशार, पण घरची परिस्थिती बेताची. त्यातच लाकडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. योहानचे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून त्याला मदत केली.

1843 साली त्यांनी ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला व ग्रेगॉर हे नाव घेतले. 1847 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु आजारी माणसांचे हाल पाहून त्यांचीच प्रकृती बिघडू लागली. मठाधिपतींनी त्यांची अडचण ओळखली आणि त्यांना शाळेत शिकवायला पाठवले. शिकवण्यात त्यांचे मन रमले. मात्र कायम शिक्षक होण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेत 1850 साली ते नापास झाले. मठाने त्यांना दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले. 1856 साली ते पुन्हा परीक्षेला बसले, पण याही वेळी त्यांना यश आले नाही. शेवटपर्यंत ते बदली शिक्षकच राहिले.

असा माणूस निराश होऊन बसला असता तर नवल नव्हते. पण त्याच 1856 साली मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग सुरू केले. एका फुलातील पराग कुंचल्याने दुसऱ्या फुलावर लावायचे, ते फूल पिशवीने झाकायचे, शेंगा पिकल्या की दाणे सोलून मोजायचे. सुमारे आठ वर्षांत त्यांनी अंदाजे 28,000 रोपे हाताळली. एका प्रयोगात त्यांनी 7,324 दाणे मोजले. त्यांत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. आईवडिलांचे गुण पुढच्या पिढीत ठरावीक नियमाने उतरतात, हे त्यांनी या दाण्यांवरून ताडले.

1865 साली ब्रनो येथील निसर्ग अभ्यासकांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष दोन बैठकांत वाचून दाखवले. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. त्याच्या प्रती त्यांनी शास्त्रज्ञांना पाठवल्या, परंतु त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही.

1868 साली ते मठाधिपती झाले आणि प्रयोगांना वेळ मिळेनासा झाला. मठांवर बसवलेल्या नव्या कराविरुद्ध ते सरकारशी वर्षानुवर्षे झगडत राहिले. याच काळात त्यांनी तेरेझियाच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांपैकी दोघे पुढे डॉक्टर झाले. बहिणीचे उपकार भाऊ विसरला नव्हता. 6 जानेवारी 1884 रोजी, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. शहराने एक मठाधिपती गमावला. एक थोर शास्त्रज्ञ गेला हे जगाला ठाऊकच नव्हते.

सोळा वर्षांनी, 1900 साली, वेगवेगळ्या देशांतील तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष काढले, आणि मेंडेल यांचा विस्मृतीत गेलेला निबंध पुढे आला. आज त्यांना आनुवंशिकताशास्त्राचे जनक म्हणतात. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे डॉक्टर आज लग्नापूर्वी तरुणांना समजावून सांगतात. त्या हिशेबामागे मठाच्या बागेतील वाटाण्याचे दाणे आहेत.

मेंडेल यांना ही कीर्ती पाहायला मिळाली नाही. मग त्यांचे जीवन यशस्वी कधी झाले? 1900 साली, की बागेत एकेक दाणा मोजताना? जगाने दखल घेतली नसती तरी ते दाणे खरेच मोजले गेले होते, आणि भाचे शिकलेच असते. पेरणे आणि राखणे आपल्या हाती असते. पीक कधी यावे हे परमेश्वर ठरवतो.

बंधुभगिनींनो, दरवर्षी निकालाच्या दिवशी काही घरांत मूल मान खाली घालून उभे असते. त्या दिवशी त्याला बोल लावण्याआधी या दोनदा अपयशी ठरलेल्या शिक्षकाची आठवण ठेवू या. मुलाला कशाची आवड आहे हे त्या मठाधिपतींप्रमाणे ओळखू या, आणि तेरेझियाप्रमाणे आपल्या वाट्यातले थोडे त्याच्यासाठी काढून ठेवू या.