गोपाळबाबा वलंगकर

महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले. अंगावर वर्दी होती तोवर ते सरकारचे शिपाई. गावी परतताच पुन्हा अस्पृश्य. हा अपमान त्यांनी मुकाट्याने सोसला नाही. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या धर्माधारालाच जाब विचारला. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत त्यांनी सरकारकडे विनंतिअर्ज सिद्ध केला. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. सवर्ण सभासदांना ते खपले नाही. अधिकार तो केवढा, पण आपल्या माणसाने कारभारात बसावे हेच त्यांना असह्य! १९०० साली बाबा निवर्तले. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.