बिघडलेलं यान त्यानं हातानं वळवलं, पण पॅराशूटनं दगा दिला : गोष्ट व्लादिमीर कोमारोव्हची

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी अंतराळ स्थानकावर गेले आणि नऊ महिने तिथंच राहिले. कारण त्यांच्या स्टारलायनर यानावर नासाचा भरवसा राहिला नव्हता. नासानं ते यान रिकामंच खाली आणलं आणि मार्च २०२५ मध्ये या दोघांना दुसऱ्या यानातून परत आणलं.

थोडक्यात काय, तर थांबायला जागा होती आणि परत यायला दुसरं यान होतं.

१९६७ मध्ये एका अंतराळवीराचं यान असंच बिघडलं. त्याच्याकडे मात्र या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्याचं नाव व्लादिमीर कोमारोव्ह.

कोमारोव्हचा जन्म १६ मार्च १९२७ चा, मॉस्कोचा. तो सोव्हिएत हवाई दलात पायलट झाला आणि नंतर त्यानं इंजिनिअरिंगचं शिक्षणही पूर्ण केलं. १९६० मध्ये अंतराळवीरांची पहिली २० जणांची तुकडी निवडली गेली, त्यात युरी गागारिनसोबत तोही होता.

पण तब्येत आडवी आली. आधी हर्नियाचं ऑपरेशन झालं, मग हृदयाच्या ठोक्यांत गडबड निघाली. गडी मागं हटला नाही. डॉक्टरांची मनधरणी करून तो तुकडीत टिकून राहिला आणि १२ ऑक्टोबर १९६४ ला व्होस्खोद १ चा कमांडर म्हणून अंतराळात गेला. एका यानातून तिघं जाण्याची ही जगातली पहिलीच वेळ. जागा इतकी कमी होती की तिघांनाही स्पेससूट घालता आले नव्हते.

मग आलं सोयूझ

चंद्राच्या शर्यतीत अमेरिकेला गाठायचं, तर सोव्हिएत युनियनला नवं यान हवं होतं. ते यान म्हणजे सोयूझ. पण जानेवारी १९६६ मध्ये या कार्यक्रमाचे मुख्य शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह यांचं निधन झालं. त्यानंतर माणसांशिवाय झालेल्या चाचण्यांत एकही यान धड उतरलं नाही. एका चाचणीत तर रॉकेटनं लाँचपॅडवरच पेट घेतला.

तरीही पुढची मोहीम माणसांना घेऊनच करायचं ठरलं. १९६७ हे रशियन क्रांतीचं ५० वं वर्ष होतं, त्यामुळे काहीतरी मोठं करून दाखवायचा दबाव होता.

प्लॅन असा होता. कोमारोव्ह एकटा सोयूझ १ मधून जाणार. दुसऱ्या दिवशी सोयूझ २ मधून बिकोव्हस्की, येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह हे तिघं जाणार. दोन्ही यानं जोडायची, तिघांपैकी दोघांनी बाहेरून कोमारोव्हच्या यानात यायचं आणि त्याच्यासोबत खाली उतरायचं.

२३ एप्रिल १९६७ च्या पहाटे सोयूझ १ उडालं आणि कक्षेत पोहोचताच अडचणी सुरू झाल्या. दोनपैकी एक सोलार पॅनल उघडलंच नाही, त्यामुळे वीज अपुरी पडली. यानाला दिशा देणारे सेन्सरही नीट काम करेनात.

खाली दोन निर्णय झाले. सोयूझ २ चं उड्डाण रद्द करायचं आणि कोमारोव्हला लवकरात लवकर परत आणायचं.

परतायचं, तर यानाचं तोंड योग्य दिशेला वळवून इंजिन ठरलेल्या क्षणीच चालवावं लागतं. ऑटोमॅटिक यंत्रणेनं केलेला प्रयत्न फसला. मग कोमारोव्हनं उजेडात हातानं यान वळवलं, पृथ्वीच्या सावलीतून जाताना जायरोस्कोपच्या आधारानं ते तसंच धरलं आणि इंजिन चालवलं. या पद्धतीचा त्याला सराव नव्हता. तरीही ते जमलं आणि यान वातावरणातून सुखरूप खाली आलं.

सगळ्यात अवघड टप्पा पार पडला होता. पण छोटं पॅराशूट उघडलं आणि मुख्य पॅराशूट त्याच्या डब्यातून बाहेरच आलं नाही. राखीव पॅराशूट सुटलं, ते छोट्या पॅराशूटमध्ये गुंतलं. २४ एप्रिलला सकाळी यान ओरेनबर्ग भागात जमिनीवर आदळलं आणि पेटलं.

कोमारोव्ह ४० वर्षांचा होता. मागं पत्नी आणि दोन मुलं. अंतराळ मोहिमेत मृत्यू झालेला तो पहिला माणूस ठरला. त्याच्या अस्थी मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

तो शेवटच्या क्षणी अधिकाऱ्यांना शिव्या देत होता, गागारिनला वाचवायला स्वतः गेला, अशा गोष्टी आजही फिरतात. पण त्यांना ठोस पुरावा नाही.

तीन जीव वाचले

सोयूझ २ मध्येही पॅराशूटची तशीच व्यवस्था होती. म्हणजे ते सोलार पॅनल नीट उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आणखी तिघं त्याच धोक्यात गेले असते.

त्यानंतर दीड वर्ष सोयूझमधून कुणालाही पाठवलं नाही. जानेवारी १९६९ मध्ये येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह यांनी एका सोयूझमधून दुसऱ्या सोयूझमध्ये जाऊन दाखवलं. कोमारोव्हची राहिलेली मोहीम त्यांनीच पूर्ण केली.

पुढं याच सोयूझनं १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा अंतराळात गेले आणि सोयूझनंच परतले.

डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या एका सोयूझला गळती लागली. तेव्हा रशियानं दुसरं सोयूझ रिकामं वर पाठवलं आणि तिन्ही अंतराळवीरांना त्यातून परत आणलं. बिघडलेलं यान आधीच रिकामं खाली आलं होतं. कोमारोव्हच्या वेळी पाठवायला फक्त सोयूझ २ होतं आणि त्यातही तोच धोका होता.