पंडिता रमाबाई आणि केडगांवचें मुक्तिसदन

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शिरड शहापूरच्या परिसरांत दुष्काळ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. १९७२ सालच्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून अजून ऐकूं येतात. पाऊस रुसला म्हणजे प्रथम विहीर आटते, मग दावणीचें जनावर विकलें जातें, आणि शेवटीं दाराला कुलूप लावून माणसें कामाच्या शोधांत परमुलखाची वाट धरतात. अशा वेळीं ज्यांच्यामागें कोणी नाहीं त्यांचें, विशेषतः विधवा बाईचें व पोरक्या मुलीचें, काय होत असेल? त्यांना दोन दिवस अन्न घालणारे दयाळू लोक पुष्कळ भेटतात. परंतु त्यांनीं पुनः आपल्या पायांवर उभें राहावें अशी तजवीज करणारे विरळा. अशा विरळा माणसांपैकीं एकीचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे. तिनें स्वतः भूक सोसली होती, उघड्यावर रात्री काढल्या होत्या. आणि म्हणूनच निराश्रिताला नेमकें काय हवें असतें हें तिला पुरतें ठाऊक होतें. तिचें नांव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दाट अरण्यांत, गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतांही त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्याबद्दल लोकांचा रोषही पत्करिला. पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्या लेकीला शिकविलें. यात्रेकरूंच्या व शिष्यांच्या आदरातिथ्यांत सारी मिळकत खर्च होऊन हें कुटुंब कर्जबाजारी झालें, आणि रमाबाई अगदीं लहान असतांनाच तीर्थयात्रेस निघालें. गांवोगांवच्या देवळांत पुराण सांगावें, श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या गांवाची वाट धरावी, असा क्रम अनेक वर्षें चालला. लहानग्या रमेला भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले. पण स्वतःचें म्हणावें असें घर कसें असतें हें तिला बालपणीं फारसें कळलें नाहीं.

इतक्यांत दक्षिणेंत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना, मग दक्षिणा कोठून मिळणार? या विद्वान कुटुंबाला पोथीवांचून दुसरें कांहींच येत नव्हतें. मोलमजुरीची संवय नव्हती, आणि भीक मागण्यास मन धजत नव्हतें. होतें तें किडूकमिडूक विकून संपलें. मग रानांतील पाल्यावर दिवस काढावे लागले. अशा हालांत वडील गेले, थोड्याच काळानें आई गेली, आणि पाठोपाठ थोरली बहीणही गेली. विद्या असूनही हाताला उद्योग नसेल, तर संकटकाळीं मनुष्य किती असहाय होतो, हा धडा रमाबाई सोळा वर्षांच्या वयांत शिकल्या. तो त्या जन्मभर विसरल्या नाहींत.

मागें राहिलीं तीं दोघें, रमाबाई आणि त्यांचे वडील बंधु श्रीनिवास. त्या दोघांनीं पायीं सारा हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं असतांना थंडी इतकी कडक पडली कीं अंगावर पांघरूण नसल्यामुळें त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, त्यांत निजून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली, आणि तशी रात्र काढली. मुलांनो, पुढें जिनें दीड हजारांहून अधिक माणसांच्या डोक्यावर छप्पर घातलें, तिची एके काळची शेज ही अशी होती.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख फार काळ टिकलें नाहीं. १८८० सालीं श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर नोंदणी पद्धतीनें विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंत आई, बाप, बहीण, भाऊ व पति यांना मुकलेली ही विधवा एका तान्ह्या मुलीला घेऊन जगांत एकटी उरली.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघांत राहत असतां त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. याच सुमारास त्या भगिनींनीं लंडनजवळ फुलहॅम येथें चालविलेलें एक सदन त्यांच्या पाहण्यांत आलें. समाजानें पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथें आश्रय मिळत असे, काम शिकविलें जात असे, आणि त्यांतल्याच कांहीं पुढें दुसऱ्या स्त्रियांची शुश्रूषा करीत असत. जिला दाराबाहेर घातली ती एके दिवशीं दुसरीला दार उघडून देते, हें दृश्य रमाबाईंच्या अंतःकरणांत खोल ठसलें.

१८८६ सालीं आपली आप्त आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळण्याच्या समारंभास हजर राहण्यासाठीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. तेथें त्यांनीं गांवोगांव व्याख्यानें दिलीं, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि बालशिक्षणाची किंडरगार्टन पद्धति शिकून घेतली. १८८७ सालीं बोस्टन शहरीं त्यांच्या कार्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, व तिनें १० वर्षें साहाय्य करण्याचें वचन दिलें.

मायदेशीं परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ त्यांनीं शारदासदन उघडलें. पहिल्या दिवशीं मुली होत्या अवघ्या दोन. त्यांपैकीं एक होती गोदूबाई नांवाची बालविधवा. या गोदूबाईंची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घरच्या कोपऱ्यांत आयुष्य कंठणें एवढेंच जिच्या नशिबीं लिहिलेलें होतें, ती सदनांत लिहावयास, वाचावयास आणि मान वर करून बोलावयास शिकली. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला, आणि तीच पुढें आनंदीबाई कर्वे म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली. १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला, तेव्हां आनंदीबाईंनीं त्या कार्यास मनापासून हातभार लाविला. एका सदनानें एका निराश्रित मुलीला सांवरलें, आणि त्या मुलीनें दुसऱ्या आश्रमाला बळ दिलें. आश्रयाचें खरें व्याज तें हें.

शारदासदन १८९० सालीं पुण्यास आलें. तेथें प्रत्येकीस आपापला धर्म व आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां शहरांत मोठा गहजब झाला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारख्या सल्लागारांनीं आपला संबंध सोडला, आणि पालकांनीं कितीएक मुली काढून नेल्या. या वादांत दोन्ही बाजूंस आपापल्या तत्त्वाची कळकळ होती, हें आज शांतपणें पाहणाऱ्यास मान्य करावें लागेल. त्या दिवसांत सदन बंद पडतें कीं काय अशी वेळ आली होती. पण रमाबाईंनीं दार लाविलें नाहीं.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्यप्रांतांतून भयंकर बातम्या येऊं लागल्या, आणि रमाबाईंना आपल्या बालपणींची उपासमार आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांत त्यांनीं पाहिलें कीं अन्न थोडें, पांघरूण नाहीं, आणि अनाथ मुलींना फूस लावून पळवून नेणारे दुर्जन तर सभोंवार टपलेलेच. थोड्याच महिन्यांत त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता, व इतक्या माणसांस शहरांत ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हां पुणें-सोलापूर रेल्वेच्या मार्गावरील केडगांव येथें त्यांनीं पूर्वीं घेतलेल्या उजाड जमिनीवर तंबू ठोकले, गवताच्या झोंपड्या उभ्या केल्या, आणि तेथें या सर्वांना नेलें. सप्टेंबर १८९८ मध्यें तेथील नव्या इमारतीचें समर्पण झालें. त्या वसाहतीचें नांव मुक्तिसदन. पुढें गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां तेथूनही मुली आल्या, आणि १९०० सालापर्यंत सदनांतील माणसांची संख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली.

आतां मुक्तिसदनाची रीत जरा बारकाईनें पाहूं. आलेल्या मुली अस्थिपंजर होत्या, अंगावर चिंध्या, कित्येक आजारी. प्रथम स्नान, औषध, कपडे आणि पोटभर अन्न. तेवढ्यानें देह जगतो. पण रमाबाई तेथेंच थांबल्या नाहींत. दुसरी पायरी अक्षरांची. अंगांत थोडी शक्ति आली कीं मुलगी वर्गांत बसे. शारदासदनांत पूर्वीं शिकलेल्या मुली आतां तिच्या शिक्षिका झाल्या होत्या. तिसरी पायरी उद्योगाची. शेती, दुभतीं जनावरें, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुलाई, स्वयंपाक आणि छापखाना, अशीं नाना कामें सदनांत चालत, आणि जिला जें साधेल तें तिनें शिकावें असा परिपाठ होता. शंभरावर गुरेंढोरें होतीं, त्यांची निगा मुलीच राखीत. पोथी येत असूनही उपाशी मरणारे आईबाप जिनें पाहिले होते, तिनें अक्षरांच्या जोडीला हाताचें काम लावून दिलें, यांत नवल तें काय?

चवथी पायरी जबाबदारीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मोठ्या मुलींवर धाकट्यांचा सांभाळ सोंपविलेला असे. काल जिला कोणी भरवीत होतें, ती आज दुसरीची वेणीफणी करी. मनुष्याला केवळ घेण्याची संवय लागली तर तो मनानें पांगळा होतो. आपणही कोणाला कांहीं देऊं शकतों हें कळलें म्हणजे त्याची मान ताठ होते. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या, कोणी लग्न करून स्वतःच्या संसाराला लागल्या. सदन हें कायमचें बंदिस्त घर नव्हतें. तो एक उतार होता, पलीकडच्या तीरावर जाण्यासाठीं.

ज्यांना दुसरें कोणी घेत नसे त्यांचीही व्यवस्था होती. फसविल्या गेलेल्या व समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांसाठीं प्रीतिसदन, आणि आंधळ्यांसाठीं वेगळी व्यवस्था. कन्या मनोरमाबाई यांनीं अमेरिकेंत ब्रेल लिपि शिकून घेतली होती. त्यांनीं अंध मुलींना बोटांनीं वाचावयास शिकविलें. डोळे नसलेली मुलगी वाचूं लागली, म्हणजे तिच्यापुरती पहाट झाली नव्हे काय?

रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें एका प्रचंड कार्यांत वेंचलीं. अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठींत त्यांनीं बायबलाचें भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलें. त्याचे खिळे जुळविणें, छापणें हें काम सदनांतील मुलीच करीत. एके काळीं ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतें, त्यांच्या हातीं परक्या लिपींचे टाईप होते.

आपल्या भागाशींही या कुटुंबाचा थोडा धागा जुळतो. त्या काळीं हा मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता, आणि गुलबर्गाही त्याच राज्यांत होतें. मुलींच्या शिक्षणाची फार उणीव असलेल्या त्या गुलबर्ग्यास १९१२ च्या सुमारास रमाबाईंनीं शाळा काढली, व मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. परंतु आईच्या मागें कार्य सांभाळणारी ही लेक जुलै १९२१ मध्यें वारली. तो घाव सोसून रमाबाईंनीं भाषांतर पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ छापून १९२४ सालीं बाहेर पडला. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें होतें. १९८९ सालीं स्वतंत्र भारताच्या टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें. केडगांवचें मुक्तिसदन आजही निराधार स्त्रिया व मुलांना आश्रय देत आहे.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रांतून एवढें ध्यानांत ठेवा. उपाशी माणसाला भाकर द्यावी, हें तर खरेंच. पण भाकरीच्या पुढची वाटही त्याला दाखवावी. आपल्या वर्गांत एखादी मुलगी मामाकडे किंवा आजीकडे राहून शिकत असेल, एखाद्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतील. त्याची कींव करूं नका. त्याला आपली वही द्या, अभ्यासांत सोबत घ्या, आणि त्याच्याकडून येत असेल तें शिकूनही घ्या.

आणि पालकहो, एक विनंति आपणांस. साल वाईट आलें कीं घरांतील मुलीची शाळा प्रथम सुटते, आणि तिच्या लग्नाची घाई सुरू होते. ओझें उतरलें असें आपणांस वाटतें. पण उद्यां तिच्यावर रमाबाईंसारखा प्रसंग गुदरला तर तिच्या हातीं काय असेल, याचा विचार व्हावा. लक्ष्मीबाईंनीं रानांत, पहांटेच्या वेळीं, आपल्या लेकीला जें शिकविलें तेंच पुढें त्या अनाथ पोरीच्या उपयोगी पडलें, आणि तिच्यामागून हजारोंच्या. दागिना गहाण पडतो, शेत विकलें जातें. शिकलेली अक्षरें आणि हातांतलें कसब मात्र कोणताही दुष्काळ हिरावून नेऊं शकत नाहीं.