लॉर्ड कॉक्रेन : पडद्यावरच्या समुद्रवीरांमागचा खरा माणूस

२००३ साली 'मास्टर अँड कमांडर' हा इंग्रजी चित्रपट आला. आजही सातवी-आठवीतली मुलं तो टीव्हीवर किंवा मोबाईलवर आवडीने बघतात. शिडांची जहाजं, तोफांचा धूर, रात्रीच्या अंधारात शत्रूला चकवणारा कप्तान जॅक ऑब्री. सिनेमा संपला की मुलांचा एक प्रश्न हमखास येतो : हे खरंच घडलं होतं का?

उत्तर असं आहे की जॅक ऑब्री खरा नाही, पण त्याच्या मागे उभा असलेला माणूस खरा आहे. त्याचं नाव थॉमस कॉक्रेन. पॅट्रिक ओब्रायन या लेखकाने ऑब्रीच्या कादंबऱ्या लिहिताना कॉक्रेन यांच्या आयुष्यातले प्रसंगच्या प्रसंग उचलले. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर या नायकातही अनेक अभ्यासकांना कॉक्रेन दिसतात. त्या हॉर्नब्लोअरवर १९५१ मध्ये ग्रेगरी पेकचा चित्रपट आला आणि १९९८ ते २००३ या काळात टीव्ही मालिका झाली. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यावर पडद्याने किती वेळा हात मारला बघा!

पण पडद्याने त्यांचं अर्धंच आयुष्य घेतलं. उरलेलं अर्धं आपण शिक्षक-पालकांनी मुलांना सांगण्यासारखं आहे.

बालपण आणि घरची परिस्थिती

थॉमस कॉक्रेन यांचा जन्म १४ डिसेंबर १७७५ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. घराणं मोठं सरदाराचं, पण घरात पैसा नाही. वडील आर्चिबाल्ड हे डंडोनाल्डचे अर्ल. त्यांना शोध लावण्याचं वेड. दगडी कोळशापासून डांबर काढायची पद्धत त्यांनी शोधली आणि १७८१ मध्ये पेटंटही घेतलं. जहाजाच्या बुडाला हे डांबर लावलं तर लाकूड किड्यांपासून वाचेल हा त्यांचा विचार बरोबर होता, पण आरमाराने तांब्याचे पत्रे पसंत केले. प्रयोगांपायी घरची मालमत्ता गेली. थॉमस यांना वडिलांकडून वारसा मिळाला तो रिकाम्या तिजोरीचा आणि डोक्यातल्या कल्पनांचा.

वडिलांना वाटायचं, मुलाने लष्करात जावं. मुलाला ओढ समुद्राची. काका अलेक्झांडर आरमारात अधिकारी होते. त्यांनी पुतण्याचं नाव लहानपणीच जहाजाच्या हजेरीपटावर घालून ठेवलं होतं, म्हणजे मुलगा घरी आणि नोकरीची वर्षं कागदावर वाढतायत! त्या काळी ही लबाडी सर्रास चालायची. थॉमस प्रत्यक्ष जहाजावर चढले ते १७९३ मध्ये, सतराव्या वर्षी. त्या मानाने उशिराच, कारण बरोबरची मुलं बारा-तेरा वर्षांची.

जॅक लार्मर : एक वेगळे गुरुजी

'हाइंड' या पहिल्या जहाजावर त्यांना जॅक लार्मर नावाचे अधिकारी भेटले. लार्मर साध्या खलाशापासून वर चढलेले. हात कायम डांबराने काळे. सरदाराचा पोरगा भलीमोठी पेटी घेऊन आलेला पाहून त्यांनी ती पेटी सरळ करवतीने कापून लहान करायला लावली. पण हा पोरगा कामाला लाजत नाही हे दिसल्यावर दोरखंडाच्या गाठीपासून डोलकाठीपर्यंत सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. पुढे कॉक्रेन यांनी आयुष्यभर लार्मर यांची आठवण काढली. आपल्या व्यवसायातल्या लोकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

छोटं गलबत, मोठी लढाई

१८०० साली कॉक्रेन यांना स्वतःचं जहाज मिळालं, 'स्पीडी'. जहाज कसलं, लहानसं गलबतच. वजनाने १५८ टन, त्यावर १४ तोफा, आणि त्या तोफांचा गोळा अवघा चार पौंडांचा. एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे मिळून २८ पौंड भरत, म्हणजे साधारण तेरा किलो. कॉक्रेन ते सगळे गोळे कोटाच्या खिशात घालून हिंडू शकत. खोली इतकी बुटकी की सहा फुटांहून उंच असलेल्या या कप्तानाला दाढी करायची तर छपराच्या झडपेतून डोकं बाहेर काढावं लागे आणि आरसा-साबण वरच्या डेकवर मांडावा लागे.

याच गलबताने ६ मे १८०१ रोजी स्पेनच्या 'गामो' या युद्धनौकेला गाठलं. गामोवर ३२ तोफा आणि ३१९ माणसं, स्पीडीवर फक्त ५४. कॉक्रेन यांनी आधी अमेरिकेचा झेंडा लावून शत्रूला गोंधळात टाकलं आणि तेवढ्या वेळात स्पीडी गामोला अगदी खेटून नेली. गामो उंच, त्यामुळे तिचे गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जायला लागले. स्पीडीच्या तोफा मात्र खालून वर मारा करत होत्या. मग कॉक्रेन सगळी माणसं घेऊन गामोवर चढले. सुकाणू धरायला मागे राहिले फक्त जहाजाचे डॉक्टर. काही खलाशी तोंडाला काळं फासून पुढच्या टोकाकडून ओरडत आले. धुमश्चक्रीत एका खलाशाने स्पेनचा झेंडा खाली उतरवला. तो आपल्याच अधिकाऱ्यांनी उतरवला असं वाटून स्पॅनिश लोकांनी शस्त्रं टाकली. स्पीडीचे तीन जण मेले, गामोचे पंधरा.

ओब्रायन यांच्या १९६९ च्या पहिल्या कादंबरीत हीच लढाई आहे, फक्त जहाजांची नावं बदललेली. सिनेमात ती लढाई नाही, पण दुसरी एक युक्ती आहे. रात्री पाठलाग करणाऱ्या शत्रूला फसवायला ऑब्री एका तराफ्यावर कंदील लावून सोडून देतो. कॉक्रेन यांनी खरोखरच असं केलं होतं. एका लाकडी पिंपात दिवा ठेवून ते पाण्यात सोडलं, शत्रू दिव्यामागे गेला आणि स्पीडी अंधारात निसटली.

एक चौदा वर्षांचा साक्षीदार

१८०६ मध्ये कॉक्रेन यांच्या 'इंपेरियूज' जहाजावर फ्रेडरिक मॅरियट नावाचा चौदा वर्षांचा मुलगा भरती झाला. त्याने कप्तानाच्या लढाया डोळ्यांनी पाहिल्या आणि मोठेपणी त्या कादंबऱ्यांत उतरवल्या. आरमारी साहसकथांचा प्रवाह इथून जोरात सुरू झाला. मॅरियट यांच्या 'मिडशिपमन ईझी' या कादंबरीवर १९३५ मध्ये चित्रपटही निघाला. म्हणजे कॉक्रेन पडद्यावर गेले ते असे, आधी एका मुलाच्या नजरेतून कागदावर आणि मग कागदावरून कॅमेऱ्यापुढे.

खरं बोलण्याची किंमत

आता पडद्यावर न आलेला भाग. कॉक्रेन शत्रूला भ्यायचे नाहीत, तसे वरिष्ठांनाही नाही. खासदार होऊन संसदेत ते आरमारातल्या भ्रष्टाचारावर बोलायला लागले. १८०९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स इथे त्यांनी दारूगोळ्याने भरलेली, पेटती गलबतं फ्रेंच आरमारावर सोडली. घाबरून फ्रेंच जहाजं उथळ पाण्यात रुतून बसली. त्यांना तिथेच संपवायचं होतं, पण मुख्य सेनापती ॲडमिरल गॅम्बियर वेळेवर पुढे आलेच नाहीत. तरीही संसदेत गॅम्बियर यांच्या अभिनंदनाचा ठराव येणार असं कळल्यावर कॉक्रेन यांनी विरोध जाहीर केला. चौकशी झाली, गॅम्बियर निर्दोष सुटले आणि नेपोलियनविरुद्धच्या उरलेल्या युद्धात कॉक्रेन यांना पुन्हा समुद्रावर जायला मिळालं नाही.

१८१४ मध्ये त्याहून मोठा घाव बसला. २१ फेब्रुवारीला नेपोलियन मारला गेल्याची खोटी बातमी लंडनमध्ये पसरली. सरकारी रोख्यांचे भाव चढले. काही लोकांनी त्यात हात धुऊन घेतले. कॉक्रेन यांचेही रोखे त्याच दिवशी विकले गेले, त्यांचा एक काका या कटात होता आणि बातमी आणणारा तोतया त्याच दिवशी कॉक्रेन यांच्या घरी आला होता. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. भाव ठरावीक वाढला की विका, अशी सूचना आपण दलालाला आधीच देऊन ठेवली होती, हे त्यांचं म्हणणं. इतिहासकारांत यावर आजही दोन तट आहेत.

शिक्षा झाली एक वर्ष तुरुंग, १००० पौंड दंड आणि भर चौकात खोड्यात उभं राहणं. खोड्याची शिक्षा पुढे माफ झाली. पण आरमारातून नाव कमी झालं, खासदारकी गेली, मानाचा किताब काढून घेतला. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी मात्र त्यांनाच बिनविरोध पुन्हा निवडून दिलं! १८१५ मध्ये ते दोरखंडाने तुरुंगाच्या भिंतीवरून उतरले आणि सरळ संसदेत जाऊन बसले. तिथेच पुन्हा पकडले गेले.

दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी

मायदेशाने नाकारलेला हा माणूस १८१८ मध्ये चिलीला गेला. स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या या नव्या देशाचं आरमार त्यांनी हाती घेतलं. १८२० मध्ये वाल्दिव्हियाचे किल्ले जिंकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एका रात्री कायाओ बंदरात शिरून 'एस्मेराल्दा' ही युद्धनौका पळवून आणली. पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्ययुद्धातही त्यांनी मोठी कामगिरी केली. ग्रीसमध्ये मात्र यश आलं नाही. पगार आणि बक्षिसाच्या पैशांवरून सरकारांशी त्यांची भांडणंही झाली, हेही सांगायला हवं. पैशाची हाव त्यांना होती, आणि लहानपणची रिकामी तिजोरी आठवली की ती कुठून आली हे कळतं.

१८३२ मध्ये ब्रिटिश राजाने माफी दिली आणि ते आरमारात परतले. किताब परत मिळायला १८४७ उजाडलं. ३१ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १८१४ साली त्यांचं मानाचं निशाण उतरवून पायऱ्यांवरून लाथाडलं गेलं होतं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी ते परत जागेवर लावण्यात आलं. तिथल्या त्यांच्या समाधीवर चिलीचं आरमार आजही दरवर्षी फुलं वाहतं.

वर्गात काय सांगावं?

ओब्रायन यांनी शेअर बाजाराचं प्रकरणही एका कादंबरीत घेतलं. तिथे त्यांचा ऑब्री निर्दोष आहे. सिनेमाने मात्र पिंपातला दिवा घेतला आणि तुरुंग वगळला. दोन-अडीच तासांत एवढंच बसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिनेमातल्या नायकाची लढाई शेवटच्या दृश्यात संपते. खऱ्या माणसाला त्यानंतर सेहेचाळीस वर्षं आपल्या नावावरचा डाग घेऊन जगावं लागलं, आणि हातात असेल ते काम करत राहावं लागलं.

सिनेमा दाखवून झाला की मुलांना तीन प्रश्न विचारून बघा. शत्रूला फसवणं आणि आपल्या लोकांना फसवणं यात फरक काय? वरिष्ठ चुकले तर बोलावं का, आणि कसं बोलावं? शूर माणसाकडून चूक झाली असेल, तर त्याचं शौर्य खोटं ठरतं का? तिसऱ्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्या. उत्तर आपण लगेच सांगू नये, मुलांनाच भांडू द्यावं.