सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र लागलें कीं आपल्या देशांतील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पावसानें पाठ फिरविली तर सावकाराचें दार ठरलेलें. तो कोणत्या वर्षीं दगा देईल हें आगाऊ कळावें या खटपटींत एका इंग्रज गणितज्ञानें हिंदुस्थानांत वीस वर्षें घालविलीं. पदवी घेऊन पुढें संशोधन करूं इच्छिणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं त्याचें चरित्र अवश्य वाचावें.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं झाला. वडील इंजिनियर होते. लंडनच्या सेंट पॉल शाळेंतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेले आणि १८८९ सालीं सीनियर रँग्लर झाले. दहा वर्षांनीं आपल्या र. पु. परांजपे यांनीं मिळविलेला मान तो हाच. अतिश्रमानें प्रकृति ढासळली, म्हणून कांहीं हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडांत काढावे लागले. १८९१ सालीं ते ट्रिनिटीचे फेलो झाले. विद्युत् व चुंबक हा त्यांचा अभ्यासाचा विषय. फावल्या वेळीं नदीकांठच्या हिरवळीवर बूमरँग फेकीत व तें परत कसें येतें याचें गणित मांडीत. बांसरीचा नादही त्यांना तितकाच होता.

हवामानशास्त्राशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. तरीही १९०४ सालीं हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. याचें कारण मागील इतिहासांत आहे. हें खातें १८७५ सालीं निघालें आणि लगेच १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला. पहिले मुख्य ब्लॅनफर्ड यांनीं असा आडाखा बांधला कीं, हिमालयावर बर्फ फार सांचल्यास पुढील पावसाळा कमजोर जातो. त्यांच्या मागून आलेल्या सर जॉन एलियट यांनीं अंदाजाचा पसारा पुष्कळ वाढविला. परंतु १८९९ सालीं, गुजरातेंत ज्यास छप्पनिया काळ म्हणतात त्या वर्षीं, तो साफ चुकला. नुसत्या तर्कानें भागत नाहीं, गणिताचा पाया हवा, हें तेव्हां उघड झालें.

वॉकर सिमल्यास आले. कोणतेंही मत धरून न बसतां त्यांनीं आकडेच बोलते केले. पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणांचा हवेचा दाब, उष्णमान व पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी जमवून, एका ठिकाणचा फेरफार दुसऱ्या ठिकाणच्या फेरफाराशीं कितपत जुळतो, याचा हिशेब त्यांनीं खात्यांतील हिंदी कारकुनांकडून करविला. त्या काळीं हिशेबाचीं आजच्यासारखीं यंत्रें नव्हतीं. तेव्हां त्या कारकुनांचे श्रमही या शोधांत मोजले पाहिजेत. शेंकडों जोड्या ताडून पाहिल्या म्हणजे कांहीं जोड्या निव्वळ योगायोगानेंही जुळणारच. हा धोका ओळखून १९१४ सालीं वॉकर यांनीं खऱ्या-खोट्या संबंधांची पारख करण्याची कसोटीही काढली. माझ्या मतें त्यांची खरी थोरवी येथें दिसते.

या खटाटोपांतून एक विलक्षण गोष्ट हातीं आली. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर हीं जणूं एकाच तराजूचीं दोन पारडीं आहेत. एकीकडे हवेचा दाब चढला कीं दुसरीकडे उतरतो. आणि तो हिंदी महासागराकडे चढला तर आपल्या पावसास ओहोटी लागण्याचा संभव अधिक. या हेलकाव्यास त्यांनीं दक्षिणी आंदोलन असें नांव दिलें. आपल्या शेताचें उत्तर हजारों कोस दूरच्या समुद्रावर शोधावें लागतें, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें.

मध्यंतरीं आणखी एक पुण्यकर्म त्यांच्या हातून घडलें. फेब्रुवारी १९१३ मध्यें ते मद्रासेस गेले असतां पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीं आपल्या कचेरींतील तीस रुपये पगाराच्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखविल्या. तो कारकून म्हणजे रामानुजन्! गणिताची ती शाखा वॉकर यांची नव्हती. तरी त्यांनीं त्याची योग्यता जाणली व विद्यापीठास पत्र लिहून त्याच्या संशोधनाची सोय करण्याची शिफारस केली. एफ्. ए. सुद्धां पास न झालेल्या त्या तरुणास दोन वर्षांसाठीं दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति मिळाली.

१९२४ सालीं ‘सर’ ही पदवी घेऊन ते स्वदेशीं परतले व लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत दहा वर्षें प्राध्यापक होते. दुष्काळाचें बिनचूक भाकीत मात्र त्यांना साधलें नाहीं. आंदोलन कां होतें हेंही उलगडलें नाहीं आणि पुष्कळांनीं त्यांच्या आंकड्यांकडे संशयानें पाहिलें. ४ नोव्हेंबर १९५८ रोजीं ते वारले. पुढें १९६९ सालीं ब्यर्कनेस यांनीं या आंदोलनाचा संबंध प्रशांत महासागराच्या पाण्याच्या उष्णतेशीं, म्हणजे एल् निनोशीं जोडला व तेथील वाऱ्यांच्या चक्रास वॉकर यांचेंच नांव दिलें. १८७७ व १८९९ हीं दोन्ही एल् निनोचींच वर्षें होतीं.

हवामान खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. तेथेंच १९६२ सालीं उष्ण कटिबंधाच्या हवामानाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था निघाली. गणित वा पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्सी. झालेल्यांस तेथें संशोधनवृत्ति मिळते आणि डॉक्टरेटनंतरही काम चालू ठेवतां येतें. अवर्षण, अतिवृष्टि व उष्णतेच्या लाटा हेच तेथले विषय. काम उरलेलें नाहीं असें कोणी समजूं नये. १९९७ सालीं एल् निनो अतिशय प्रबळ असूनही देशांत पाऊस सरासरीइतका पडला. मग २००२ सालीं त्याहून सौम्य एल् निनो असतां दुष्काळ कां पडावा?