पंडिता रमाबाई : श्रद्धा, आशा आणि प्रीति

ख्रिस्ती मंडळीच्या उपदेशांत श्रद्धा, आशा व प्रीति हीं तीन नांवें नेहमीं एकत्र येतात. तीं आचरणांत कशीं उतरतात हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पंडिता रमाबाईंचें चरित्र पुनः एकदां मनांत आणावें. त्यांच्या धर्मांतराची चर्चा आमच्या समाजानें भरपूर केली. त्यांच्या कार्याची मात्र फारशी केली नाहीं, हें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. पिते अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि मातेनें तें धन कन्येस दिलें. दुष्काळांत मातापितर गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्या तरुणीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, तिला भूक म्हणजे काय हें पुरतें ठाऊक होतें. १८८२ सालीं पतिनिधनानें वैधव्यही ठाऊक झालें. पदरीं मनोरमा ही तान्ही कन्या होती.

१८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. तेथें ख्रिस्ती भगिनींनीं चालविलेल्या आश्रमांत पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची मायेनें शुश्रूषा होतांना त्यांनीं पाहिली, आणि त्यांच्या मनानें कौल दिला. त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि स्वबुद्धि त्यांनीं कोणाच्याही स्वाधीन केली नाहीं. न पटलेल्या मतांविषयीं आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशींही त्या निर्भयपणें वाद करीत.

१८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील या भरंवशावर लोकांनीं मुली पाठविल्या होत्या. कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां १८९३ सालीं वादळ उठलें. रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनींही संबंध सोडला. पालकांची तक्रार निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. भरंवसा हा व्यवहाराचा पाया आहे, हें व्यापारी वाचकांस सांगणें नको. परंतु मुली परत नेणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं त्यांच्या शिक्षणाची सोय घरीं केली, हाही हिशेब मांडावयास हवा.

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षांपुरतें पत्करलेलें साह्य संपत आलें होतें, तरी कोणास परत लाविलें नाहीं. ही त्यांची श्रद्धा. केडगांवच्या माळावर विहिरी खणून शेती, विणकाम व छापखाना उभा केला, आंधळ्यांस बोटांनीं वाचावयास शिकविलें; ही आशा. जिला कोणी दारांत उभें करीत नसे, तिलाही घरांत घेतलें, ही प्रीति. सामान्य बायकांस समजेल अशा मराठींत बायबल उतरवितां उतरवितां, कन्येच्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आंतच, ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या.

शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला आणि १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. रमाबाईंस खरें उत्तर हेंच होतें. परधर्मीयांच्या सेवेचें ज्यांस वैषम्य वाटतें, त्यांनीं निंदेचा मार्ग सोडून आपल्या दारचीं अनाथ माणसें आधीं आपल्या घरांत घ्यावीं, इतकेंच आमचें मागणें आहे.